घरात पहिलाच वकील असणाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण : आठ महिन्यांनंतर

पहिल्या दिवशी आम्हा बारा जणांना विचारलं, "घरात आधी कुणी वकील?" एकही हात वर गेला नाही. जाणार कसा, प्रवेशाची अटच तशी होती. कुणी ऊसतोड कामगारांच्या घरातलं, कुणी पारधी समाजातलं, दोघी मुस्लिम मुली, एक जण अंध. वर्षभराचा कार्यक्रम, त्यातले आठ महिने झाले. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली एक मोठी तक्रार आहे.

सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळाला की वकील तयार झाला असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सनदेनंतर सक्तीचं प्रशिक्षण असं काही नाही. वकिलांची शिखर संस्था असलेल्या बार कौन्सिलनं १९९५ मध्ये सनदेआधी वर्षभराच्या प्रशिक्षणाची सक्ती आणली होती, ती सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये व्ही. सुधीर प्रकरणात रद्द केली. आता ऑल इंडिया बारची परीक्षा आहे, पण बहुपर्यायी प्रश्नांना बरोबर खुणा केल्या म्हणून पुकारा झाल्यावर तोंडातून शब्द फुटतो असं नाही. बाकी सगळं सीनियरच्या मर्जीवर. ज्याचे काका-मामा वकिलीत, त्याला चांगला सीनियर मिळतो. आम्ही दुसऱ्याच्या फायली धरून उभे राहायचो.

वर्गातलं शिकवणं ठीकठाक. अभिरूप न्यायालय, म्हणजे खोट्या खटल्याचा सराव, तर काढूनच टाका, खऱ्या कोर्टात इतका वेळ कुणी ऐकून घेत नाही. पैसे वसूल होतात ते तुरुंगभेटीत. आठवड्यातून दोन दिवस न्यायाधीन बंद्यांना, म्हणजे खटला चालू असलेल्या कैद्यांना, भेटायचं आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडमच्या हाताखाली अर्ज तयार करायचे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्पष्ट आहे. आत मात्र निम्म्यांना वाटतं, "सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच."

माझी पहिली केस सविस्तर सांगते, कारण अख्खं प्रशिक्षण त्यात आलं. चोरीचा गुन्हा, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, आणि माणूस चौदा महिने आत. पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे अशा माणसाला एक तृतीयांश शिक्षेइतका काळ झाला की सोडायचं असतं. म्हणजे बाराच महिने! मी खुशीत अर्ज टंकून दाखल केला. सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, आला : दुसऱ्या तालुक्यात आणखी एक केस प्रलंबित. त्याच कलमाचं पोटकलम दोन सांगतं की एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर हा फायदा नाही. मी अर्ज मागे घेतला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अगं, पोटकलम दोन मलाही माहीत आहे. तू त्याला नेमकं काय विचारलंस?"

मी विचारलं होतं. "तुमच्यावर आणखी गुन्हे दाखल आहेत का?" तो "नाही" म्हणाला होता. पुढच्या भेटीला पारधी समाजातला सहकारी सोबत आला. त्यानं त्याच्याच बोलीत विचारलं, "अजून कुठल्या कोर्टाची तारीख लागते का?" माणूस लगेच बोलू लागला. तिथल्या केसमध्ये तो जामिनावर होता. इथं आत असल्यामुळे तिथं गैरहजर, आणि गैरहजर म्हणून तिथून वॉरंट. 'गुन्हे' हा शब्द ऐकून त्यानं कवाडच लावून घेतलं होतं. ज्यांना इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या घरात हा शब्द माझ्यासारखा ऐकला जात नाही. तो कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी गावात चोरी झाली की पहिली गाडी वस्तीवरच जाते.

पुढे नेहमीच्या मार्गानं जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. आदेश झाला म्हणजे सुटला असं मी समजत होते. मॅडमनी सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश पुढ्यात टाकले : जामिनाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ईमेलनं जायला हवी, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. मी तुरुंगात विचारत राहिले, शेवटी अट शिथिल करण्याचा अर्ज दिला. सुप्रीम कोर्टाचा मोती राम प्रकरणातला निकाल (१९७८) जोडला. त्यातल्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून भावालाही नाकारलं होतं; सुप्रीम कोर्टानं ते चूक ठरवलं. आमच्या माणसाला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं. तोवर तिकडचं वॉरंट मॅडमनी रद्द करून घेतलं होतं, नाहीतर दारातूनच पुन्हा उचलला असता. आता भेटीला जाण्याआधी मी केसचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची कोर्टातली नोंद, काढते आणि पहिली दहा मिनिटं वही उघडत नाही.

आता तक्रार. तो सहकारी सगळ्यांचा दुभाषा झाला. कुणाचीही भेट असो, "जरा याला सोबत घ्या." मूल्यमापनाच्या तक्त्यात मात्र ज्याच्या नावावर वकीलपत्र, त्याचीच केस मोजली जाते. त्याच्या नावावर सर्वांत कमी केसेस आहेत. माझ्या त्या अर्जाचा गुण मला मिळाला, त्याला नाही. मी लेखी कळवलं, उत्तर आलं, "पुढच्या तुकडीत पाहू."

दुसरी त्याहून जुनी. विद्यावेतन पहिल्या महिन्याचं तिसऱ्या महिन्यात आलं. बारा जणांतले तिघे सोडून गेले, तिघेही भाड्याच्या खोलीत राहणारे. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे, पण शिफारसच ती. त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं सनदेची फी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयेच घ्यायची असं बजावलं. आमच्यातल्या दोघींनी त्याआधीच हजारो रुपये उसने काढून भरले होते. वेगवेगळ्या घरांतली मुलं निवडायची आणि पगार लांबवायचा, तर उरतात ती घरून पैसे मागवू शकणारीच.

इंग्रजीचंही रडगाणं आहे. तालुका कोर्टात मराठीवर निभतं, हायकोर्टात नाही. आठवड्याला एक तास इंग्रजी ड्राफ्टिंग म्हणजे दर्यात खसखस.

तारेच द्यायचे तर साडेतीन. मॅडम नसत्या तर दोन. अर्ज करणार असाल तर दोन गोष्टी लेखी घ्या : विद्यावेतनाची तारीख, आणि सोबत गेलेल्या भेटी तुमच्या नावावर धरणार का. मी उरलेले चार महिने पूर्ण करणार आहे. त्या माणसाची दुसऱ्या तालुक्यातली तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि या वेळी वकीलपत्रावर आम्हा दोघांच्याही सह्या आहेत.