पादोव्हातील दीर्घ मुक्काम : गाव पसंत, तीन किलोवॉटचा मीटर नापसंत

कपडे वाळवण्याच्या बिघडलेल्या ड्रायरचा खर्च आमच्या अनामत रकमेतून कापायचा की नाही, यावरून घरमालकाशी सुरू झालेला वाद आम्ही पुण्याला परतल्यावरही मिटलेला नाही. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. शेंगेन व्हिसाच्या 90 दिवसांच्या मर्यादेत इटलीत एका गावी बिऱ्हाड करून आसपास फिरण्याचा बेत करणाऱ्यांना व्हिसा, विमा आणि विमानप्रवास यांची माहिती असतेच, त्यामुळे ती इथे देत नाही.

गाव ठरवताना बोलोन्या, लुक्का आणि पादोव्हा ही तीन नावे आमच्यासमोर होती. लुक्का तटबंदीमुळे अतिशय देखणे आहे, पण तिथून फ्लॉरेन्सला जायलाच रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि बोलोन्यातील भाडी आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हती. पादोव्हा मात्र व्हेनिस-बोलोन्या या मुख्य मार्गावर आहे. साध्या प्रादेशिक गाडीने सुमारे पाच युरोंत व्हेनिस गाठता येते, जलद गाडी मिळाली तर अर्ध्या तासाच्या आत. विचेन्झा आणि व्हेरोना त्याच दिवशी जाऊन येण्यासारखी आहेत. खुद्द व्हेनिसमध्ये जलबसच्या एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरो आहे हे लक्षात घेतले, तर तिथे राहण्याऐवजी पादोव्हात राहण्यात किती बचत होते हे वेगळे सांगायला नको.

घर शोधायचे असेल तर ते जुलैपर्यंत पक्के करावे. इथले विद्यापीठ 1222 सालचे असून गॅलिलिओने 1592 ते 1610 या काळात तिथे अध्यापन केले. आजही सुमारे दोन लाख वस्तीच्या या शहरात साठ हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत, आणि सप्टेंबर उजाडला की प्रत्येक रिकाम्या खोलीवर त्यांच्या उड्या पडतात. आम्हाला जुन्या शहरात तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नसलेल्या इमारतीत दोन खोल्यांचे घर मिळाले.

पहिले काही आठवडे मी पादोव्हाची मुक्तकंठाने स्तुती करीत होतो. पालाझ्झो देल्ला राजोने या तेराव्या शतकातील प्रचंड सभागृहाखाली मांस, मासे आणि चीज यांची दुकाने आहेत, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या चौकांत सकाळी भाजी आणि फळे विकायला बसतात. दुपार होऊ लागली की भाव उतरतात. नोव्हेंबरपासून जवळच्या त्रेव्हीझोचा राडिक्यो हा लालजर्द कडवट पाला बाजारात येतो. लसणीची फोडणी देऊन, वर किंचित गूळ घालून त्याची भाजी केली तर ती कारल्याची आवड असलेल्या माणसाला निश्चित रुचेल. तूरडाळ, मोहरी, हिंग हे सर्व स्टेशनच्या उत्तरेकडील आर्चेल्ला भागातील दक्षिण आशियाई दुकानांत मिळाले. (संत अँथनी यांचे निधन 1231 साली याच आर्चेल्लात झाले. गोव्यात शिवोलीच्या त्यांच्या चर्चमध्ये जाणाऱ्या वाचकांना इथल्या बासिलिकेत त्यांच्या समाधीवर हात टेकवून उभी असलेली रांग पाहून परके वाटणार नाही.)

नोव्हेंबरच्या मध्यावर माझे मत बदलू लागले. उत्तरेला आल्प्स आणि दक्षिणेला अपेनाइन पर्वत असल्यामुळे पो नदीच्या खोऱ्यातील हवा हिवाळ्यात साचून राहते, धुके दिवसचे दिवस हटत नाही, आणि दोरीवर घातलेला सुती सदरा तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतो. जोत्तो या चित्रकाराची चित्रे असलेल्या इथल्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये सोडण्यापूर्वी प्रेक्षकांना पंधरा मिनिटे वेगळ्या दालनात बसवून आतील दमटपणा आटोक्यात ठेवतात. घराच्या बाबतीत ही व्यवस्था आपली आपल्याला करावी लागते. खोल्या गरम ठेवण्याचा हंगाम इथे कायद्याने 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल असा ठरलेला आहे. त्यातही दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास आणि तेही पहाटे पाच ते रात्री अकरा या वेळेतच. त्यामुळे रात्री रेडिएटर थंड पडतात, कपडे वाळत नाहीत आणि ड्रायर लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

इथेच तो मीटर आडवा येतो. इटलीतील बहुतेक घरांना तीन किलोवॉटचीच वीजजोडणी असते, किरकोळ सवलत धरून 3.3 किलोवॉट. आमचा जुन्या पद्धतीचा ड्रायर एकटा दोन किलोवॉटहून अधिक ओढत असे. तो चालू असताना इंडक्शनवर वरणाचा कुकर चढवला की दोन-तीन मिनिटांत मीटर वीज तोडी आणि घरभर अंधार. मीटर तळमजल्यावर जिन्याखालच्या लोखंडी कपाटात होता. किल्ली घेऊन तीन मजले उतरायचे, कपाट उघडायचे, मीटरची छोटी कळ वर ढकलायची आणि पुन्हा तीन मजले चढायचे. मीटरवरील बटण दाबले की त्या क्षणी किती वीज खर्च होत आहे हे पडद्यावर दिसते. माझी पत्नी वरून एकेक उपकरण लावत असे आणि मी खाली उभा राहून आकडा टिपत असे. त्या टिपणांवरून आम्ही स्वयंपाक, धुणे आणि वाळवण यांचे वेळापत्रक ठरवले. किटलीसुद्धा त्या वेळापत्रकात होती, कारण तीही दोन किलोवॉटची.

एवढी महत्त्वाची गोष्ट भाड्याच्या जाहिरातीत कुठेही नव्हती. खिडकीतून दिसणाऱ्या घुमटांचे मात्र भरपूर फोटो होते. जोडणीची क्षमता अर्ध्या-अर्ध्या किलोवॉटने वाढवून घेता येते. शुल्क असते, पण फार नव्हे, आणि ते आम्ही भरायला तयार होतो. अर्ज मात्र ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानेच करावा लागतो. घरमालकांनी प्रत्येक वेळी दोन माणसांना तीन किलोवॉट पुरेसे आहेत एवढेच उत्तर दिले. डिसेंबरात ड्रायर बंद पडला, तेव्हा तो आम्ही जास्त वापरल्यामुळे बिघडला असे त्यांचे म्हणणे पडले. वारंवार वीज तुटणाऱ्या जोडणीवर यंत्र चालवायला देऊन त्याची भरपाई भाडेकरूकडे मागणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते, आणि तसे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्या पत्रासोबत मीटरच्या पडद्याचे फोटोही जोडले आहेत.

असे असूनही मुक्कामासाठी पादोव्हाच निवडावे असे माझे मत कायम आहे. फक्त घर पाहताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : जोडणी किती किलोवॉटची, मीटर घरात की तळमजल्यावर, आणि शेगडी गॅसची की विजेची. गॅसची शेगडी असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. पुढच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस जाण्याचा आमचा विचार आहे. तेव्हा धुके नसेल आणि कपडे गॅलरीत वाळतील. आर्चेल्लात ट्रामच्या थांब्याजवळचे, गॅसची शेगडी आणि साडेचार किलोवॉटची जोडणी असलेले एक घर पत्नीने शोधले आहे. भाडेही जुन्या शहरापेक्षा कमी आहे. मालकाकडून वीजबिलाची प्रत मागवली आहे. जोडणीची क्षमता बिलावर छापलेली असते, ती पाहिल्यावरच अनामत पाठवणार आहोत.