बाखचं जॉन पॅशन की मॅथ्यू पॅशन, आधी कुठलं ऐकायचं?

वेस्टर्न क्लासिकल नुकतं ऐकायला लागलेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं की जर्मन संगीतकार बाखचं मॅथ्यू पॅशन ऐक, मग तो पावणेतीन तासांचं रेकॉर्डिंग लावतो आणि चाळिसाव्या मिनिटाला बंद करतो. मला विचाराल तर आधी जॉन ऐका. मॅथ्यू मला जास्त जवळचं आहे, तरी हेच सांगेन.

पॅशन म्हणजे येशूच्या शेवटच्या दिवसांची, मृत्यूपर्यंतची कथा गाऊन सांगणारी रचना. जॉन म्हणजे मराठी बायबलमधला योहान, अध्याय १८-१९. मॅथ्यू म्हणजे मत्तय, अध्याय २६-२७. ते मोबाईलवर उघडून शेजारी ठेवा, जर्मन येत नसलं तरी कुठे आहोत ते कळत राहतं. इव्हँजेलिस्ट, म्हणजे निवेदक, टेनरमध्ये (पुरुषाच्या उंच आवाजात) कथा सांगत जातो, कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, कधी शिष्य होतो कधी जमाव, सोलो गाणारे मधेच थांबून त्या प्रसंगावर मन मोकळं करतात, आणि अधूनमधून कोराल येतात, म्हणजे बाखच्या लायप्झिग शहरातल्या लोकांना पाठ असलेली चर्चची गाणी. कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही, आख्यान रंगात आलेलं असताना ओळखीचा अभंग यावा तसंच आहे.

जॉन दोन तासांत संपतं आणि थेट येशूच्या बागेतल्या अटकेपासून सुरू होतं. बाख १७२३ मध्ये लायप्झिगला आला आणि ७ एप्रिल १७२४ च्या गुड फ्रायडेला त्याने हे निकोलाई चर्चमध्ये केलं, खरं तर ठरलं होतं थॉमस चर्चमध्ये पण नगरपरिषदेने बदलायला लावलं, तेव्हा तो म्हणाला की मग तिथला हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) दुरुस्त करा आणि गाणाऱ्यांना वर जागा करून द्या. पुढे १७४९ पर्यंत तो यात फेरफार करत राहिला. रोमन सुभेदार पिलातासमोरचे जमावाचे कोरस इतके अंगावर येतात की मोबाईल बघायचं सुचत नाही. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी, योहानाच्या मजकुरात या जमावाला सरळ 'यहुदी' म्हटलंय, युरोपचा नंतरचा इतिहास बघता ते टोचतं आणि टोचायलाच हवं, आज बऱ्याच ठिकाणी कार्यक्रमाआधी त्यावर बोललं जातं.

मॅथ्यू ११ एप्रिल १७२७ चं, थॉमस चर्चमधलं. येशूविरुद्धच्या कटापासून, शेवटच्या भोजनापासून सुरुवात, दोन कोरस, दोन ऑर्केस्ट्रा, कवी पिकांडरने लिहिलेली गाणी आणि ती भरपूर, त्यामुळे कथा सारखी थांबते. घाई असेल तर हे जड जातं. पण बारकावे बघा. येशू बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांभोवती व्हायोलिन-व्हायोलांचे लांब सूर असतात, फक्त क्रुसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणताना ते नसतात, तो एकटा पडतो. आणि तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल म्हटल्यावर शिष्य 'प्रभू, मी तो आहे का' असं अकरा वेळा विचारतात, बारावा यहूदा, धरून देणारा, तो त्यात नाही, आणि लगेच कोराल येतो 'मीच तो'.

दोन्हींतला फरक एका जागी ऐकायचा असेल तर पेत्राचं रडणं ऐका. येशूला मी ओळखत नाही असं पेत्र तीनदा म्हणतो, कोंबडा आरवतो, येशूने हे आधीच सांगितलं होतं ते त्याला आठवतं, तो बाहेर जाऊन रडतो. गंमत म्हणजे योहानाच्या मजकुरात हे रडणं नाहीच, बाखने ते मत्तयातून उचलून आणलं, आणि जॉनमध्ये इव्हँजेलिस्ट त्या 'रडला' शब्दावर असा लांबलचक, सरकत जाणारा आलाप घेतो की सांगणाराच कोसळतोय असं वाटतं, त्यानंतरची टेनरची आरिया, म्हणजे सोलो गाणं, नुसती तगमग. मॅथ्यूमध्ये तेच झाल्यावर एक व्हायोलिन सुरू होतं, मग आल्टो, म्हणजे जरा खालच्या पट्टीतला, आवाज येतो, 'एर्बार्मे डिश', दया कर. सहा-सात मिनिटं काहीच घडत नाही आणि ती संपू नयेत असं वाटतं.

मॅथ्यू जास्त गाजलं त्याला नंतरचा जर्मन संगीतकार मेंडेल्सन कारण. आजीने दिलेली नोटेशनची प्रत हाताशी होती, आणि ११ मार्च १८२९ ला विसाव्या वर्षी त्याने ते बर्लिनच्या झिंग-अकाडेमी या गायनसंस्थेत केलं, बरंच कापून, पण बाख परत लोकांत आला तो तिथून. जॉन तिथेच १८३३ मध्ये झालं. आज नेदरलँड्समध्ये दर वर्षी ईस्टरच्या आधी गावोगावी मॅथ्यू होतं. नेदरलँड्स बाख सोसायटीची दोन्ही रेकॉर्डिंग यूट्यूबवर फुकट आहेत, सुरुवात तिथूनच करा.

तर जॉन एका संध्याकाळी सलग. मॅथ्यू दोन संध्याकाळी, मधे तोडलं तरी चालतं, बाखच्या वेळीही दोन भागांच्या मधे प्रवचन असायचं.

शेवट मात्र दोन्हींचे चुकवू नका. जॉनमध्ये थडग्यापाशी अंगाईसारखा कोरस होतो आणि त्यावर पुन्हा एक कोराल, मला उठव म्हणणारा. मॅथ्यूमध्ये असं काही नाही, रडत बसलेल्या लोकांपाशीच ते संपतं, आणि अगदी शेवटच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांत, एक सूर क्षणभर बाकीच्यांशी घासतो आणि मग जागेवर येतो.