'सुपर रेड' अरोवानाच्या नावाखाली झालेली फसवणूक

आशियाई अरोवाना हा शोभेचा मासा घेण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळत आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मला 'सुपर रेड' म्हणून विकलेला मासा सुपर रेड नव्हता, त्याच्यासोबत दिलेले प्रमाणपत्र त्याचे नव्हते आणि ज्या टँकमध्ये तो जन्मभर राहील असे सांगण्यात आले, ती टँक त्याला लवकरच अपुरी पडणार होती. विक्रेत्याचे प्रत्येक खोटे एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकून उभे होते. त्यामुळे या छंदातला अगदी नवखा माणूस एक वेळ सुटेल, पण चार गोष्टी वाचून गेलेला हमखास अडकेल.

पहिली खरी गोष्ट रंगाची. सुपर रेड हा प्रकार मूळचा पश्चिम बोर्निओतील कापुआस नदीच्या खोऱ्यातला. त्याच्या खवल्यांवर आणि कल्ल्यांच्या झाकणांवर गडद लाल रंग चढायला काही वर्षे लागतात. वीतभर लांबीच्या पिल्लात तो दिसत नाही. म्हणजेच ग्राहक पैसे मोजतो ते पुढे येणाऱ्या रंगाचे. त्याच जातीत 'बंजार रेड' नावाचा एक बराच स्वस्त प्रकार आहे. त्याची पिल्लेही लहानपणी साधारण तशीच दिसतात, पण मोठेपणी त्यांच्या अंगावर तो लाल रंग येत नाही. मला दाखवलेले पिल्लू काळ्या पार्श्वभूमीच्या टँकमध्ये, गुलाबी-लाल ट्यूबच्या उजेडात ठेवले होते. त्या प्रकाशात शेपटी आणि पर लालबुंद दिसत होते. घरच्या पांढऱ्या दिव्याखाली तीच शेपटी फिकट पिवळसर निघाली. विचारल्यावर उत्तर आले, "प्रवासाचा ताण आहे, रंग उतरतो, धीर धरा, दोन-तीन वर्षांनी बघा." ताणामुळे माशाचा रंग उतरतो हे खरे आणि सुपर रेडला वेळ लागतो हेही खरे. मात्र तेवढा काळ लोटल्यावर तक्रार घेऊन जाणाऱ्या ग्राहकाला कोण दाद देणार?

दुसरी खरी गोष्ट कागदपत्रांची. आशियाई अरोवाना धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. त्यामुळे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार फक्त नोंदणीकृत मत्स्यशेतीत पैदा केलेल्या माशांपुरता होतो आणि अशा माशाच्या पाठीच्या स्नायूत मायक्रोचिप बसवलेली असते. मला प्लास्टिकच्या पाकिटात एक देखणे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर चिपचा क्रमांक होता, शिक्का होता, माशाचे छायाचित्रही होते. चिपचा क्रमांक वाचणारा रीडर लावून दाखवा म्हटल्यावर तो दुरुस्तीला दिल्याचे सांगण्यात आले. पुढे एका पशुवैद्यांनी पाणी भरलेल्या पिशवीत मासा घेऊन दोन वेगवेगळ्या बनावटींचे रीडर पाठीच्या दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवले. एकही वाजला नाही. चिप क्वचित निसटून पडू शकते, हे त्यांनीच सांगितले आणि विक्रेत्यानेही नेमके तेच कारण पुढे केले. परंतु प्रमाणपत्रावरचे छायाचित्र नीट न्याहाळले, तर त्या माशाच्या ओठाखालच्या दोन मिशांपैकी एक आखूड होती. माझ्या माशाच्या दोन्ही मिशा सारख्या लांबीच्या आहेत. तुटलेली मिशी पुन्हा वाढू शकते हे मान्य, पण न वाजणारी चिप आणि न जुळणारे छायाचित्र एकाच माशाच्या वाट्याला आले, तर तो योगायोग मानणे कठीण जाते. मेलेल्या माशाचा कागद दुसऱ्याच्या गळ्यात बांधला गेला, असे माझे मत आहे.

टँकच्या बाबतीतही तोच प्रकार. "मासा टँकच्या मापानेच वाढतो," असे सांगून तीन फुटांची टँक त्याच सौद्यात खपवण्यात आली. लहान टँकमध्ये वाढ मंदावते, एवढाच भाग खरा. ती मंदावते ती साचलेल्या घाणीमुळे आणि कोंडलेपणामुळे, आणि त्याबरोबर पाठीचा कणा वाकणे किंवा कल्ल्यांची झाकणे बाहेरच्या बाजूला वळणे असे विकारही येतात. घरात वाढलेला आशियाई अरोवाना सहज दोन फुटांचा होतो. त्याला वळायला टँकची रुंदी माशाच्या लांबीहून जास्त हवी. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये साधारण ८५० लिटर पाणी मावते, म्हणजे काच आणि स्टँड सोडून साडेआठशे किलो वजन. हा आकडा विक्रेता कधीच आपणहून सांगत नाही, कारण तो ऐकून निम्मे ग्राहक परत फिरतील. झाकण घट्ट हवे, कारण हा मासा उडी मारतो, हेही मला दुसरीकडून कळले.

पैसे परत मागितल्यावर मिळालेले उत्तर मात्र अस्सल होते: "तक्रार जरूर करा, पण बिनचिपचा मासा सापडेल तो तुमच्याच घरात." अनेक देशांत कागदपत्रांशिवाय हा मासा बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो, आणि या धंद्यातील लबाडांचा सगळा भरवसा खरेदीदाराच्या त्याच भीतीवर असतो. तरीही मी लेखी तक्रार केली आहे आणि मासा, प्रमाणपत्र व पशुवैद्यांची नोंद तिन्ही तपासणीसाठी हजर करण्याची तयारी दाखवली आहे.

ज्यांना खरेदी करायचीच आहे, त्यांनी मासा पांढऱ्या प्रकाशात पाहावा आणि पैसे देण्यापूर्वी समोर रीडर लावून घ्यावा. पडद्यावरचा क्रमांक, प्रमाणपत्र आणि मासा एकाच सलग व्हिडिओत यायला हवेत. रीडर नसेल, तर सौदा तिथेच थांबवावा. पावतीवर माशाचा प्रकार आणि चिपचा क्रमांक लिहून घ्यावा. माझ्या पावतीवर फक्त 'शोभेचा मासा, १ नग' एवढेच लिहिलेले आहे, आणि तक्रारीच्या सुनावणीत विक्रेत्याने पहिला आधार त्याच ओळीचा घेतला.