बाईकच्या टाक्या रंगवणाऱ्याकडून मॉडेल ट्रेनचं इंजिन पिवळं करून घेतलं, कसं झालं ते सांगतो

मॉडेल ट्रेनवाल्यांसाठी लिहून राहिलो आहे, बाकीच्यांना बोअर होईल. माझ्याकडे एचओ स्केलचं म्हणजे १:८७ चं (खऱ्याच्या ८७ पट लहान) एक काळं आल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल होतं आणि मला ते एकदम भडक पिवळं पाहिजे होतं. घरी एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारायचं यंत्र) नाही, म्हणून नागपुरात सक्करदऱ्याकडे एक दादा बाईकच्या टाक्या रंगवतात त्यांच्याकडे गेलो. नाव टाकत नाही, कारण खाली एक तक्रार पण आहे.

पण काम येतं माणसाला, हे आधीच सांगतो. पिवळा रंग लय खोडील असतो, खालचं काही झाकतच नाही, काळ्यावर थेट मारला तर हिरवट दिसतो. जुना रंग मी घरीच आयसोप्रोपिल अल्कोहोल अन् टूथब्रशने काढला होता तरी कोपऱ्यांत काळं राहिलंच होतं, तर दादांनी आधी ग्रे प्रायमर, त्यावर पांढरा आणि मग पिवळ्याचे पातळ पातळ हात मारले. गाडीचा थिनर प्लास्टिक खातो म्हणून मॉडेलचा अ‍ॅक्रिलिक रंग मीच नेऊन दिला, त्यांनी कुरकुर केली नाही. प्रत्येक हाताआधी प्लास्टिकच्या चमच्यावर फवारा मारून उन्हात धरून बघायचे, दुकानाच्या खिडकीत अशा रंगीत चमच्यांची रांगच लागली आहे.

अन् आपल्याकडचा मे महिना! रंग नोझलमधून निघून बॉडीवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो. यावर दादांचा उपाय म्हणजे सकाळी लवकर काम, रंगात दोन थेंब रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव) आणि एअरब्रश जरा जवळून. रिव्हेट बुजले नाही पाहिजे एवढंच मी म्हटलं, तर म्हणे, "भाऊ, कडबी चौकातल्या म्युझियमची नॅरो गेजची इंजिनं पाहिली आहेत मी, रिव्हेट नाही दिसले तर इंजिन कसलं!" दरवाजांच्या कडा, हँडरेलची भोकं, सगळं शाबूत राहिलं.

आता तक्रार. मी मॅट सांगितलं होतं, तरी शेवटी सवयीने गाडीचा क्लिअर लॅकर मारलाच. चमक अशी की लग्नातल्या स्टीलच्या ताटासारखी, आणि रेडिएटरच्या जाळीतल्या बारीक फटी अर्ध्या भरल्या. विचारलं तर म्हणे, चमक नसली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. का बोलणार आता? तो लॅकर काढायला गेलं तर खालचा पिवळा पण जाईल, म्हणून ठेवला तसाच. एक फायदा मात्र झाला, नंबरचे डेकल (पातळ चिकटचित्रं) गुळगुळीत पृष्ठभागावर मस्त बसले, मॅटवर लावले की खाली हवा राहून चंदेरी दिसतात. नंतर वरून मॅट वार्निश घरीच मारलं, पण जाळी काही मोकळी झाली नाही.

७०० रुपये घेतले, रंग माझा. एवढ्या मेहनतीला जास्त नाही. नेताना मोटर, सर्किट, काचा सगळं काढून नुसती बॉडी द्या, आणि "क्लिअर मारू नका" हे कागदावर लिहून बॉडीलाच चिकटवा. दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा बाईकवाल्यांची एवढी गर्दी असते की आपल्या इंजिनाला विचारतं कोण.