सेरेंगेटी की एन्गोरोंगोरो?
टांझानियात जंगली प्राणी बघायला दिवस मोजकेच असले की हा प्रश्न पडतोच. एन्गोरोंगोरोचं ज्वालामुखी विवर सुमारे 600 मीटर खोल, तळ जेमतेम 260 चौरस किलोमीटर. म्हणून एका दिवसात सिंह, हत्ती आणि नशीब असेल तर काळा गेंडाही दिसतो. जिराफ मात्र नाही. उभे कडे हे त्याचं एक कारण सांगतात.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान जवळपास 15,000 चौरस किलोमीटर! तिथे निदान तीन रात्री द्या आणि महिना बघून मुक्काम ठरवा. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे, म्हणजे मोठ्या आफ्रिकी हरणांचे, कळप उत्तरेला मारा नदीकडे असतात. फेब्रुवारीत दक्षिणेला त्यांची वासरं जन्मतात. ओलं पिल्लू लटपटत काही मिनिटांत उभं राहतं. त्यासाठी मी सेरेंगेटीच निवडेन. अरुशा शहराहून तिकडे जाणारा रस्ता विवराच्या कडेनेच जातो, वरून तेही बघून होतं.