लाँगयरब्येन की स्टॅनली? थंडी नंतर बघा, आधी घड्याळ बघा

कोल्हापूर सोडायचंच तर पुणे-दुबई कशाला, एकदम जगाच्या टोकालाच जाऊया म्हणणारी पोरं हल्ली भेटतात. त्यातल्या कुणाच्या डोक्यात उत्तर ध्रुवाजवळच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयरब्येन आणि दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवरचं स्टॅनली अशी दोन गावं घोळत असतील तर हे त्यांच्यासाठी. दोन्हीकडं वस्ती दोन-तीन हजाराच्या घरातली, म्हणजे आपल्याकडं एखादं मोठं लग्न असतं तेवढी.

लाँगयरब्येन आपल्या साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे तिकडं चारला काम सुटलं की इकडं साडेसात-साडेआठ, आई जेवणाची ताटं घेत असते, निवांत व्हिडिओ कॉल होतो. स्टॅनली बारा महिने साडेआठ तास मागं. तिथं संध्याकाळी पाचला घरी आला की कोल्हापुरात रात्रीचा दीड, आता दीडला कोण उचलणार फोन? मग एकतर तिकडं झोपायच्या आधी साडेदहाला करायचा, तेव्हा इकडं सकाळचे सात, सगळ्यांची डब्याची-पाण्याची गडबड, नाहीतर रविवारची वाट बघायची.

पण लाँगयरब्येनला घड्याळ जुळलं तरी सूर्य जुळत नाही हे लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजाच्या वर येतच नाही, आणि त्यानंतरसुद्धा डोंगर आड येतात म्हणून गावात ऊन पडायला साधारण ८ मार्च उजाडतो, तेव्हा सगळं गाव जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी जमून जल्लोष करतं. एप्रिल ते ऑगस्ट उलटं, रात्री दोनला लख्ख ऊन, जाड पडदे नसतील तर झोपेचं वाटोळं. स्टॅनलीत एवढं टोक नाही, जूनमध्ये नऊच्या आसपास उजाडतं आणि पाचच्या आत मावळतं, बास. तिथला खरा ताप म्हणजे वारा.

खाण्यात मात्र स्टॅनली लै भारी. मेंढ्यांचाच मुलूख, मटण इतकं रोजचं की तिथं त्याला ‘३६५’ म्हणायचे. कांदा-लसूण मसाला तेवढा इथनं न्या, तांबडा रस्सा तिथंही होईल. लाँगयरब्येनला बहुतेक सगळं बोटीनं नाहीतर विमानानं येतं, आणि गावाबाहेर पाय टाकायचा तर पांढऱ्या अस्वलांना हुसकावायचं साधन जवळ लागतं, बंदूकही बाळगा म्हणतात. बाळंतपणही तिथं करत नाहीत, तारखेच्या काही आठवडे आधीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पाठवतात. पोरंबाळं असलेल्यांनी स्टॅनलीच बघावं, इंग्रजी शाळा आहे, हॉस्पिटल आहे, गाड्यासुद्धा आपल्यासारख्या डाव्या बाजूनं.

माझं मत विचाराल तर घरी म्हातारं माणूस असेल तर लाँगयरब्येन. ऑस्लोपासून तीन तासांचं विमान, अचानक फोन आला तर दोन दिवसांत माणूस कोल्हापुरात. स्टॅनलीला चिलीकडनं साधं प्रवासी विमान आठवड्यातनं एकदा, शनिवारी, तेही वाऱ्यानं मनावर घेतलं तर रद्द. दुसरा रस्ता इंग्लंडहून येणाऱ्या लष्करी विमानाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात: स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीतनं जाते म्हणून शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा काढावाच लागतो, तोही दोनदा प्रवेशाचा, म्हणजे परत येताना चालेल असा, आणि पोट भरायची सोय नसली तर तिथनं हाकलून देऊ शकतात. स्टॅनलीला वर्क परमिट जायच्या आधीच हातात पाहिजे. लाँगयरब्येनला घरांची मारामार आहे, घर बहुतेक वेळा नोकरीसोबतच मिळतं, त्यामुळं पगाराचा आकडा बघून हुरळून जायच्या आधी ऑफर लेटरमध्ये खोलीचं काय लिहिलंय ते वाचा.