घोड्यांचे जंत: दर तीन महिन्यांनी औषध, की आधी लीद तपासणी?

इंदूरकडे वरातीच्या चार-पाच घोड्या बाळगणारे इथेच अडतात. पाकिटावरचे दावे सोडून देऊ.

खर्च: सरसकट औषधात गरज नसलेल्या घोडीवरही पैसे जातात. मोठ्या वयाच्या घोड्यांत जंतांची बहुतेक अंडी मोजक्याच घोड्यांच्या लिदीतून पडतात. तपासणीत त्या सापडतात.

मेहनत: इथे सरसकट पद्धत सरळ जिंकते. तपासणीला ताजी लीद हवी, हवाबंद पिशवीत, थंड ठेवलेली. उन्हात राहिली की अंड्यांतून अळ्या निघतात आणि आकडा खोटा कमी येतो. 4 ग्रॅम लीद 56 मिली संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या) मिठाच्या पाण्यात घोळून, गाळून मॅकमास्टर काचेच्या (सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायच्या रेघा आखलेल्या काचेच्या) दोन्ही कप्प्यांत भरतात. दिसलेलं प्रत्येक अंडं म्हणजे लिदीच्या ग्रॅममागे 50 अंडी. हा आकडा साधारण 200 ते 500 च्या वर गेला तर औषध.

औषधाचा टिकाव: खरा फरक इथे. वारंवार सरसकट दिल्याने औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. लहान स्ट्रॉन्गाइल (घोड्याच्या आतड्यातले बारीक गोल जंत) जंतांवर फेनबेंडाझोल हे जंतनाशक अनेक ठिकाणी निकामी झालंय. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाचा डोस वजनाच्या किलोला 0.2 मिग्रॅ, म्हणजे 300 किलोच्या घोडीला 60 मिग्रॅ. वजन नजरेने कमी धरलं की डोस अपुरा पडतो. औषध लागू पडलं का ते पाहायला 14 दिवसांनी अंडी पुन्हा मोजा. मात्र आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या मोजणीत दिसत नाहीत, चपटे जंतही बहुधा निसटतात.

शिंगरांना डॉक्टरांच्या वेळापत्रकानेच औषध द्या. मोठ्या घोड्यांसाठी तपासणी; महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, विचारून पाहा. एकच घोडी आणि तपासणीची सोय नाही? वर्षातून एक-दोनदा औषध, आणि लीद रोज उचला.